देवापुढची सुई

सन १९३४, वैशाखातला पहिला सोमवार. रक्कम रुपये नऊशे पंच्याहत्तर. ठिकाण चांदवड, आमच्या दुकानाची पुढची खोली. हजर: माझे वडील आप्पा, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे काका, आई, मी, माझी पत्नी सरू, माझा धाकटा भाऊ वामन आणि साक्षीला शेजारचे दोन गृहस्थ. आप्पांनी घर आणि दुकान यांतला आपला अर्धा हिस्सा काकांना लिहून दिला. काकांनी पैसे मोजून दिले. आप्पांनी ते मोजले, मग मी मोजले. रक्कम बरोबर होती.

सही झाल्यावर काका वामनकडे पाहत म्हणाले, "आप्पा, पोराला उडायचंय, उडू द्या. पडला तर दुकान इथंच आहे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने वामन हसला.

बाहेर आग्रा रोडवर नाशिकला जाणारी सर्व्हिस मोटर उभी होती. टपावर पायाचे शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि कापडाचे गठ्ठे चढवले. मशीनचे जादा भाडे आठ आणे पडले. आईच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेले देव होते. मोटर हलली तशी ती मागे वळून म्हणाली, "आज ओटा सारवायचा राहिला." लग्न होऊन आल्यापासून तो ओटा तिने सारवला होता. ओटा आता काकांचा होता.

हे मी चांदवडच्या भाऊबंदांसाठी लिहीत आहे, आणि आमच्याच आळीतून मुंबईला, आफ्रिकेला जे गेले त्यांच्यासाठीही. तुमच्या पत्रांतून, लग्नकार्यांतून एकच वाक्य फिरत माझ्यापर्यंत येते, की शिंप्यांना पंख फुटले आणि घर बुडाले. काय झाले ते तुमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही. पाच वर्षांत नाशिकला आमच्याकडे एकही जण फिरकला नाही. म्हणून सरळ सांगतो.

वामन माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सतराव्या वर्षी तो मुंबईला जायला निघाला, तेव्हा आप्पा दारात उभे राहिले. "गेलास तर माझा शब्द मोडून गेलास असं होईल," एवढेच म्हणाले. तो गेला. आप्पांनी दीड वर्ष त्याला पत्र लिहिले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येतो.

मुंबईत आधी त्याने गिरगावात एका दुकानात बटणांसाठी काजे करायचे काम केले. मग जुहूच्या विमानांच्या मैदानावर कापड शिवणारा हवा आहे असे कळले, म्हणून तिकडे गेला. विमानाचा पंख म्हणजे लाकडी फासळ्यांवर ताणून शिवलेले जाड कापड, हे चांदवडात तेव्हा कोणाला ठाऊक होते? मलाही नव्हते. त्यावर डोप नावाचा वार्निशासारखा लेप चढवतात. तो वाळला की कापड ढोलाच्या पानासारखे ताठ होते. वामनची शिलाई पाहून तिथल्या शिकवणाऱ्या साहेबाने त्याला अर्धा पगार रोख आणि अर्ध्या पगाराचे उड्डाण, असा सौदा करून दिला. पाच वर्षांत त्याने आधी चालवण्याचे आणि मग शिकवण्याचे लायसन मिळवले. काका म्हणाले, "पगार आकाशात खर्च करणारा आपल्या कुळातला हा पहिलाच."

१९३४ च्या सुरुवातीला जुहूला दोन खुर्च्यांचे एक विमान पडले. इंजिन शाबूत, चाके शाबूत, पंखांचा मात्र चुराडा आणि कापडाच्या चिंध्या. एकवीसशेला ते विकायला काढले. दुसऱ्या कोणी घेतले असते तर तेवढाच खर्च पंख शिवण्यात गेला असता. आमच्या घरात चार माणसे शिवणारी. वामनने चांदवडला येऊन आप्पांसमोर हे गणित मांडले, मी ते तपासले, त्यात चूक नव्हती. हिश्श्याचे नऊशे पंच्याहत्तर, वामनने साठवलेले सातशे, सरूच्या पाटल्या मोडून तीनशे आणि इब्राहिमभाईंचे सव्वाशे. इब्राहिमभाई मालेगावचे. नाशिक-मालेगाव सर्व्हिस मोटरचे इंजिन तेच दुरुस्त करत. वामनच्या वयाचे नव्हते, माझ्या वयाचे होते, आणि हे खूळ आहे हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. "नारायणभाऊ," ते मला म्हणाले, "मोटर बंद पडली तर मी खाली उतरून बघतो. हे बंद पडलं तर उतरायचं कुठं, तेवढं सांगा." आणि पैसे दिले.

नाशिकला भद्रकालीत दोन खोल्या घेतल्या. चांदवडला आम्ही आप्पा शिंप्याची माणसे होतो. इथे आम्ही कोणाचीच नव्हतो. नळावर आईला पहिल्याच दिवशी विचारले, "तुम्ही कुठल्या?" आईने सांगितले, तर त्या बाई म्हणाल्या, "चांदवडला रेणुकेला येतो आम्ही. तिथं राहतात पण का माणसं?" आई हे बरेच दिवस सांगत असे. आधी हसून सांगायची, नंतर नुसतेच.

सातपूरच्या बाजूला एक पडीक रान वर्षाला साठ रुपयांनी मिळाले. तिथे बांबू आणि पत्र्याचा मांडव घातला, आणि पावसाळाभर त्या मांडवात आमच्या घराने पंख शिवले. फासळीला कापड पक्के करण्यासाठी दर तीन इंचांना मेणाचा दोरा आरपार घालून गाठ मारायची असते. आप्पांनी पहिली गाठ पाहिली, सोडवली आणि वामनला म्हणाले, "मुंबईला हेच शिकलास?" मग स्वतः मारून दाखवली. त्या वेळी आप्पांच्या तोंडावर जे होते ते मी चांदवडच्या दुकानात कधी पाहिले नव्हते. मुलाच्या विमानाला बापाची गाठ. वारा कोणीकडचा हे कळावे म्हणून मैदानात कापडाची लांब पिशवी टांगतात. ती आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती.

त्या दसऱ्यानंतर विमान चालवायला शिकवणारी आमची शाळा सुरू झाली. तासाला अठरा रुपये. मी पेट्रोल, हिशेब आणि सरकारी पत्रव्यवहार बघायचा, सकाळ-संध्याकाळ बाजारातले कपडे शिवायचे. सरू आणि आईने विद्यार्थ्यांना पिठले-भाकरी घालायची. इब्राहिमभाईंचे इंजिन. आप्पांचे कापड. पगार कोणालाच नाही. "घरच्याला कसला पगार?" हे आप्पांचे वाक्य, आणि ते इब्राहिमभाईंनाही लागू झाले.

वामनची शिकवण्याची एक रीत होती. नवा विद्यार्थी आला की पहिले आठ दिवस त्याला विमानात बसू देत नसे. आप्पांशेजारी तरटावर बसवून हातात सुई द्यायचा आणि जुन्या फासळीवर गाठी मारायला लावायचा. तपासायचे आप्पा. एका जहागीरदारांचा मुलगा दुसऱ्या दिवशी उठून उभा राहिला. म्हणाला, "मी इथं शिंपी व्हायला आलेलो नाही."

वामन म्हणाला, "नका होऊ. पण वर गेल्यावर तुमच्या आणि मरणाच्या मध्ये शिंपीच असतो. ओळख करून घेतलेली बरी."

तो बसला. पुढे चांगला उडवायला शिकला. त्याचे वडील मात्र आम्हाला रस्त्यात भेटले तर न बघता जात. गावातले लोक रविवारी मैदानावर टांगे करून येत, विमान वर गेले की टाळ्या वाजवत, आणि खाली उतरलेल्या माणसाची जात एकमेकांना विचारत. तीन वर्षांत अकरा विद्यार्थी आले, चौघांना लायसन मिळाले. त्या चौघांनाही आप्पांची गाठ मारता येते.

१९३७ च्या पावसाळ्यात जमिनीच्या मालकाचा निरोप आला. दिवाळीनंतर त्याला तिथे द्राक्षे लावायची होती. दुसरी जमीन आम्हाला परवडणारी नव्हती, आणि एकाच विमानावर शाळा किती दिवस चालणार हाही प्रश्न होता. त्याच सुमारास लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी, ज्यांना आम्ही शेठ म्हणत असू, मैदान बघून गेले होते. त्यांना दोन पुतणे शिकायला पाठवायचे होते. त्यांनी स्पष्ट सांगितले, "दर दसऱ्याला मी चांदवडला देवीला येतो. यंदा चार वाजता तुम्ही विमान घेऊन तिथं उतरा. मला देवीचा डोंगर वरून दाखवा. मग जमीन मी घेतो, दुसरं विमान मी घेतो, शाळा तुमची."

यात वाईट काय होते? काहीच नव्हते. शेठ शब्दाचे पक्के होते. पण शब्द दसऱ्याचा होता, चार वाजताचा होता. वामनला तर आनंद झाला. दसऱ्याला गावाची शीव ओलांडून सोने आणायचे, ते तो हवेतून आणणार होता, आणि तेही काकांच्या दारात.

आता नवमी. आपल्यात खंडेनवमीला हत्यारे देवापुढे मांडतात हे तुम्हाला सांगायला नको. कात्री, सुया, दोरे, मापाचा गज, मशीन हे सगळे नवमीच्या सकाळी मांडायचे आणि दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आप्पांनी मैदानावर विमानापुढेच पाट ठेवला. इब्राहिमभाईंनी आपणहून नट आवळायचे पाने आणि हातोडे आणून दिले. "माझे पण ठेवा, वर्षभर शिव्या खातात बिचारे," असे म्हणाले. विमानाला झेंडूची माळ घातली.

दुपारी जेवायला बसलो होतो. सातपूरची कोणाची तरी गाय चरत मांडवात शिरली. माळेला तोंड घातले, आणि मान वर केली तेव्हा डाव्या पंखाच्या कापडात शिंग गेले. हातभर फाटले.

वामनने पाहिले आणि लगेच म्हणाला, "आप्पा, आत्ता शिवलं तर डोपचे तीन हात देऊन रात्रीपर्यंत वाळेल."

आप्पा म्हणाले, "आज नवमी आहे."

इब्राहिमभाई पुढे झाले. "आप्पा, सुई मला द्या. मी मुसलमान माणूस. मला कसली आली नवमी?"

आप्पा रागावले नाहीत. हसलेसुद्धा. "इब्राहिम, हात तुझे आहेत, पण सुई माझी आहे. वर्षभर राबते. एक दिवस तिलाही बसू दे."

"मग बाजारातून नवी आणतो. नव्या सुईला तर तुमचा देव ओळखत पण नसेल."

सरूला हसू आवरेना. आप्पांचे हसू मात्र गेले. "माझ्या बापानं मोडलं नाही, मी मोडलं नाही. उद्या ज्या देवीच्या दारात उतरायचंय, तिचाच दिवस मोडून जायचं?"

वामन त्या फाटलेल्या कापडाकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "राहू द्या, इब्राहिमभाई. सकाळी पूजा उचलली की शिवू. चारपर्यंत वाळेल." बाजूला आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, एकदा त्यांचा शब्द मोडून घरातून निघालो होतो. आता परत त्याच घरासमोर उतरायचंय. पुन्हा मोडून नाही जायचं."

त्या दुपारी कडक ऊन होते आणि कोरडा वारा होता. आईने मांडवाबाहेर वाळत टाकलेले पंचे तासाभरात खडखडीत झाले. मी ते घड्या करून दिले, म्हणून आठवते.

दसऱ्याच्या पहाटे मी पहिल्या मोटरने चांदवडला गेलो. उतरायची जागा नीट करायची होती. माळावरचे दगड वेचले, चुन्याच्या फक्कीने मोठे वर्तुळ काढले, काठीला धोतर बांधून वाऱ्याची खूण केली. मी आलो हे कळताच अर्धे गाव माळावर आले. हातात आपट्याची पाने, अंगावर नवे कपडे. साडेतीनला शेठ आपल्या मोटरीने आले, बरोबर त्यांची म्हातारी आई. काका उपरणे टाकून पुढे उभे होते. मला अजून सांगता येत नाही की त्यांना विमान उतरायला हवे होते की नको होते.

चार वाजले. आभाळ भरून आले होते. सव्वाचार झाले.

"काय रे नारायणा," काका मोठ्याने म्हणाले, "पुष्पक कुठवर आलं? वडाळीभोईला चहाला थांबलं की काय?"

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणाले, "दोरा संपला आसंल, आणायला गेलं." पुन्हा हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी घड्याळ काढले, पाहिले, खिशात ठेवले. पाचला त्यांची आई मोटरीत जाऊन बसली. साडेपाचला शेठ माझ्याजवळ आले, माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवले, म्हणाले, "सोनं घ्या, नारायणराव. काळजी करू नका, काहीतरी कारण असेल." मोटर गेली. त्यांना मी दोष देत नाही. ठरल्या वेळेनंतरही ते दीड तास थांबले होते.

दिवेलागणीच्या आधी नाशिककडून सर्व्हिस मोटर आली. ड्रायव्हरने मला हाक मारली. "नारायणराव, तुमचं इमान पिंपळगावापाशी कांद्यात पडलंय. भाऊ जित्ता हाय. पाय लय मोडलाय."

काका म्हणाले, "जिवंत आहे ना? मग झालं."

नाशिकला दुपारी काय झाले ते इब्राहिमभाईंनी मला नंतर सांगितले. सकाळी पूजा उचलायला साडेनऊ झाले. आप्पांनी स्वतः शिवले, एकही टाका चुकीचा नव्हता. ठिगळ बसवले, डोपचे हात दिले. पण सकाळपासूनच हवा दमट. ओलसर हवेत डोप वाळत नाही, वरून पांढुरका पडतो आणि खाली मऊ राहतो. तीनला इब्राहिमभाईंनी बोट लावून पाहिले. "वामनभाऊ, कपडा अजून थंड लागतोय. उद्या जा."

"उद्या शेठ नसतील, इब्राहिमभाई. आणि दिवाळीनंतर जमीन नसेल."

मोटार असती तर इब्राहिमभाईंनी किल्ली काढून घेतली असती, असे ते म्हणाले. विमानाला पंखा हाताने फिरवून द्यावा लागतो. तो त्यांनीच फिरवून दिला.

पिंपळगावच्या अलीकडे ठिगळाची कड उचलली गेली. वारा आत शिरला आणि कापड एका फासळीपासून दुसऱ्या फासळीपर्यंत सोलत गेले. वामनने सपाट दिसेल ते शेत धरले. वरून सगळी शेते सपाटच दिसतात. कांद्याचे वाफे होते, त्यांचे बांध चाकांत अडकले आणि विमान नाकावर उभे राहिले. गुडघा समोरच्या फळीखाली सापडला.

शेतकऱ्याने आणि त्याच्या मुलांनी वामनला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणले. महिन्याने मी नुकसानभरपाई द्यायला गेलो. पाहणाऱ्यांच्या झुंडीने निम्मे शेत तुडवले होते. मी विचारले, एकूण किती द्यायचे? तो म्हणाला, "इमानानं दोन वाफे मोडले, त्येचं चार रुपये द्या. बाकीचं माझ्याच गाववाल्यांनी तुडवलंय. ते तुमच्या नावावर कशाला?" त्या सबंध प्रकरणात असा हिशेब दुसऱ्या कोणी केला नाही.

वामन चार महिने सरकारी दवाखान्यात होता. गुडघा कायमचा ताठ राहिला. ताठ पायाच्या माणसाला लायसन नाही, हे सांगणारे पत्र मीच वाचून दाखवले. पाय गेल्यावर तो रडला नव्हता. त्या पत्रानंतरही रडला नाही. फक्त म्हणाला, "दादा, चौघं आहेत ना उडणारे?" आप्पा खाटेशी बसून म्हणाले, "देवीनं वाचवलं." इब्राहिमभाई उठून व्हरांड्यात गेले. वामन म्हणाला, "हो, आप्पा."

इंजिन आणि उरलेला सांगाडा मुंबईचा एक माणूस सहाशे दहाला घेऊन गेला. त्यातून इब्राहिमभाईंचे सव्वाशे परत केले. ते घ्यायला तयार नव्हते, सरूने त्यांच्या खिशात कोंबले. बाकीचे औषधात आणि देण्यांत गेले. सरूच्या पाटल्या राहिल्या त्या राहिल्याच. वामनचे दिवाळीनंतर ठरलेले लग्न मुलीकडच्यांनी मोडले. जमिनीत आता द्राक्षे आहेत, मांडवाच्या जागेवर पहिली ओळ आहे.

वामन नाशिकला राहिला नाही. मी खूप म्हटले. तो म्हणाला, "इथं रोज कोणीतरी विचारतं, कसं पडलं. तिथं सगळ्यांना माहीत आहे, कोणी विचारणार नाही." मी त्याला घेऊन चांदवडला गेलो. काका दुकानातच होते. त्यांनी वामनला बसवले, पाणी दिले, आणि मला म्हणाले, "म्हटलं होतं ना, दुकान इथंच आहे." मग ओट्याकडे बोट दाखवले. "बसू दे तिथं. पण नारायणा, कागद झालेला आहे. माझ्या मुलांना उद्या वाटू नये की हिस्सा परत आला. महिन्याला दोन रुपये भाडं लावू."

मी आप्पांच्या वतीने हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? कागदावर मीही हजर होतो.

वामन आता त्या ओट्यावर बसून टोप्या आणि सदरे शिवतो. ताठ पायाने पायाचे मशीन चालत नाही, म्हणून हाताचे घेतले आहे. सकाळी बसण्याआधी तो रेणुकेच्या डोंगरावरच्या निशाणाकडे बघतो. लोकांना वाटते नमस्कार करतोय. तो वारा बघत असतो.

आता यंदाची गोष्ट सांगतो आणि संपवतो. युरोपात लढाई सुरू झाली आहे. आमच्या नाशिकच्या दुकानाला एका कंत्राटदाराकडून खाकी सदऱ्यांचे काम मिळाले आहे. ऐन नवमीच्या दिवशी त्याचा माणूस दारात आला. दसऱ्याच्या सकाळी माल गेला नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असे बजावून गेला. आप्पांनी सुया, कात्री सगळे देवापुढे मांडलेले होते. ते थोडा वेळ पाटाजवळ बसले. मग त्यांनीच हात जोडले, सुई उचलली आणि मला म्हणाले, "चल, बस. पोट काही देवापुढं मांडून ठेवता येत नाही."

आई चुलीपाशी होती. तिथूनच, मागे न बघता म्हणाली, "हे शहाणपण त्या वर्षी कुठं गेलं होतं?"

आप्पांनी सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा ओवला गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. सरूने त्यांच्या हातातून घेतला आणि ओवून दिला. मग दिवसभर मशीन चालले. पुढच्या वर्षी आप्पा नवमीला काय करतील मला माहीत नाही. वामनला हे मी कळवलेले नाही, हे वाचूनच त्याला कळेल. मात्र त्याने कोणाला काही विचारू नये.

जे गाव सोडून गेले ते मला लिहितात की घराची आठवण येते. मलाही येते. पण मी नाशिकचा झालो आहे का? नळावर आईला अजून विचारतात, तुम्ही कुठल्या? आणि चांदवडला गेलो की काकांची नातवंडे आत सांगत जातात, पाहुणे आले. आमचे घर आता किती, तर ओट्यावरची सहा फूट बाय चार फूट जागा, ज्यावर वामन बसतो. मागे गेलो तेव्हा आईने विचारायला सांगितले होते की ओटा आता कोण सारवते. काकू म्हणाल्या, "फरशी घातली. सारवायची कटकट गेली."

त्या फरशीमुळे भाडे वाढलेले नाही, हेही नमूद करतो. महिन्याला दोन रुपयेच आहे. वामनच्या शिलाईतून ते निघते, पण त्याच्याकडून मी घेत नाही, इथून पाठवतो. या महिन्याचे दोन रुपये परवा सर्व्हिस मोटरच्या ड्रायव्हरबरोबर काकांना पाठवले. पोचल्याचा निरोप आला.